पाळण्यातली परभाषा

गेल्या वैशाखात पेडणे तालुक्यातील एका नातलगांकडे बारशाला जाण्याचा योग आला. घर जुने, राजांगणाचे. माळ्यावर मोडी दस्तऐवजांची पेटी आहे आणि आपले मूळ पुरुष घाटावरून केव्हा उतरले, सावंतवाडीकरांकडून कोणती सनद मिळाली, हे यजमान प्रत्येक पाहुण्यास न चुकता सांगतात. आमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर कुलदैवताचे नाव होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘नेमिंग सेरेमनी’. राजांगणात तुळशीपाशी बाळाची थोरली बहीण, वय वर्षे पावणेदोन, पणजीच्या मांडीवर बसली होती. इतक्यात मोपाच्या पठारावरून उडालेले विमान डोक्यावरून गेले. २०२३ च्या जानेवारीत त्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून पेडण्याच्या आकाशाला याची सवय झाली आहे. पोरीने बोट वर केले. पणजी म्हणाली, “बघ, भुर्र गेलं!” सोप्यावरून मुलीची आई धावत आली व अत्यंत आर्जवाने म्हणाली, “आजी, भुर्र नका ना म्हणू. एरोप्लेन म्हणा. नाहीतर ती कन्फ्यूज होते.”

पणजीने मान डोलावली. त्यानंतर दोन तास मी तेथे होतो. तेवढ्या वेळात ती म्हातारी त्या मुलीशी एक अक्षरही बोलली नाही. नुसती थोपटत राहिली.

हा लेख त्या दोन तासांविषयी आहे. त्या सुनेविषयी नाही, हे आधीच सांगतो; ती सुशील आहे, आणि तिने जे केले ते आपण सर्वांनी तिला शिकविले आहे. पाळणा हलला, गाणी यंत्रातून लागली, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी ‘कुर्र’ केले. त्या दिवशी त्या बाळाच्या कानात गेलेला आपल्या भाषेतला तो बहुधा एकमेव शब्द असावा. बाकी सारा वेळ ‘बेबी’ स्लीप करीत होती, ‘बेबी’ला फीड द्यायचा होता, ‘बेबी’ने पॉटी केली होती आणि ‘बेबी’ला होल्ड कोण करणार यावर प्रेमळ तंटा चालला होता.

वाचकांपैकी काहीजण म्हणतील की शब्दांचे काय एवढे! भाषा घेतच असते. पाव, बटाटा, चावी, पगार हे आपण पोर्तुगिजांकडून घेतलेच की. घेतले, आणि बरे केले. डायपरला लंगोट म्हणा, असा हट्ट मीही धरणार नाही. लंगोट वेगळा, डायपर वेगळा. ती वस्तू बाजारातून आली, येताना आपले नाव घेऊन आली, जसा पाव आला. परंतु ‘बेबी’ ही वस्तू काही परदेशातून आलेली नाही. बाळे आपल्याकडे पूर्वीही होत असत.

थोडा हिशेब मांडू. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली १७८१ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, मुक्तीच्या दिवसापर्यंत, पेडण्यावर परकी अंमल १७३ वर्षे होता. एवढ्या काळात पोर्तुगीज भाषा आपल्या कचेरीत शिरली, बाजारात शिरली, स्वयंपाकघरातही शिरली. माजघरातल्या पाळण्यापर्यंत मात्र तिचा हात पोहोचला नाही. जुन्या काबिजादीत तर १६८४ साली लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असा फतवाच निघाला होता आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली होती. तो फतवाही आयांच्या तोंडातून मुलांची बोली काढू शकला नाही. आज कोणाचा फतवा नाही, मुदत नाही, दंड नाही. आपण आपखुषीने, पेढे वाटून, हे करीत आहोत.

आता गेले ते नेमके काय, ते पाहू. कारण ‘मायबोली धोक्यात’ अशी ओरड आपल्या व्यासपीठांवर इतकी झाली आहे की ती ऐकू येईनाशी झाली. मला ओरड करायची नाही. मला एकेक शब्द उचलून दाखवायचा आहे.

‘फीड’ घ्या. “बेबीला फीड दिला का?” हे वाक्य आता पेडण्याच्या खेड्यातही ऐकू येते. मराठीत आई बाळाला पाजते. तेच बाळ सहा महिन्यांचे झाले, उष्टावण झाली, की त्याला भरवते. गोठ्यातल्या गाईला चारा घालतात, चारतात. पाजणे, भरवणे, चारणे: तीन क्रिया, तीन नाती, तीन वये. ‘अंगावर पिणारे मूल’ एवढे तीन शब्द उच्चारले की त्याचे वय, त्याची भूक, आईचे जागरण, सारे कळते. इंग्रजीला या तिन्हींसाठी ‘फीड’ हा एकच शब्द पुरतो. ती त्या भाषेची रीत आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आपल्या पदरी तीन असताना एकावर भागवायचे, हा कोणता शहाणपणा? आणि डिचोलीकडे ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांना हेही ठाऊक आहे की जनावरांच्या खाद्याच्या पोत्यांना काय म्हणतात. गोठ्यातही फीड आणि माजघरातही फीड! आमच्या आजीच्या कानावर हे गेले असते तर तिने विचारले असते की पोराला पोत्यातले कालवून घालता काय.

‘मायलस्टोन’ हा दुसरा शब्द. बाळाच्या वाढीचे तक्ते आता फोनवर असतात व त्यांत ‘मायलस्टोन’ नोंदवायचे असतात. मैलाचा दगड! रस्त्यावरून मोटारीने जाताना बाजूला दिसतो, तो. मराठीत बाळ आधी नजर ठरविते, मग हुंकार देते, मान धरते, मुठी चोखते, कुशीवर वळते, पालथे पडते, पोटावर सरकते, बसते होते, रांगते, धरून उभे राहते आणि एके दिवशी दुडुदुडु चालू लागते. प्रत्येक पायरीला स्वतंत्र क्रियापद आहे. आमच्याकडे बाळ पालथे पडले की घाऱ्या तळत. शेजारणीला वाटीभर घाऱ्या आल्या की तिला कळे, अमक्याचे बाळ पालथे पडले. बातमी आणि खाऊ एकाच वाटीतून येत असे. बाळाने ‘बाळसे धरले’ असे आपण म्हणतो. या ‘बाळसे’ला इंग्रजीत काय म्हणाल? ‘वेट गेन’? वजन तर पोत्याचेही वाढते. बाळसे बाळाचेच असते, फार तर उपमेने एखाद्या संस्थेचे.

घेण्याचेही तसेच. बाळाला मांडीवर घेतात, कडेवर घेतात, खांद्यावर घेतात, कुशीत घेतात. न्हाऊ घालताना पसरलेल्या पायांवर घेतात आणि न्हाण झाल्यावर टाळूवर तेल भरतात, धुरी देतात, दुपट्यात गुंडाळतात. या प्रत्येक घेण्यात अंगाची ठेवण वेगळी असते आणि नव्या सुनेला ती शब्दांबरोबरच शिकविली जाते. “कडेवर घे” म्हटले की बाळ कमरेच्या कोणत्या बाजूला येणार, कोणता हात मोकळा राहणार, हे ठरून गेले. ‘होल्ड’ म्हटल्यावर काहीच ठरत नाही. पिशवीही होल्ड करतात.

येथे एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. जुन्या शब्दांबरोबर जुन्या साऱ्या चाली मला परत आणायच्या आहेत, असा कोणी अर्थ घेऊ नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये, गुटी नको, मध नको, हे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर सांगतात. पूर्वी गुटी चाटवीत असत आणि पूर्वी मुले दगावतही फार. शेगडीच्या धुराने कोंदलेली बाळंतिणीची अंधारी खोली मी पाहिली आहे. तिची आठवण काढून गहिवरणारांपैकी मी नव्हे. परंतु गुटी बंद करा असे सांगणाऱ्या डॉक्टरने ‘पाजणे’ हा शब्द बंद करा असे कधी सांगितले? लशीलाच घ्या. ‘लस’ हा किती नेटका शब्द आपल्यापाशी आहे आणि ती टोचण्याचे काम गावोगावी परिचारिका करतात. तरी घरी येऊन आई सांगते, “बेबीचे व्हॅक्सिनेशन झाले.” विज्ञानाला ‘लस’ चालते. आपल्याला चालत नाही.

व्याकरणाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत बाळ ‘ते’ असते. मूल, लेकरू, पोर, तान्हे, वासरू, कोकरू, पाडस, पिल्लू ही सारी नपुंसकलिंगी. माणसाचे तान्हे आणि गाईचे तान्हे आपल्या भाषेने एकाच रांगेत बसविले आहे. आपल्या बोलीतील भुरगेही त्याच लिंगातले, आणि चेडू मोठी होईपर्यंत त्याच लिंगात वावरते. हा मुलीला उणेपणा आहे असे कोणी म्हणतात. मला त्यात लहानग्यांसाठी राखून ठेवलेला एक वेगळा सोपा दिसतो, जेथे मोठ्यांचे स्त्री-पुरुष हिशेब अजून पोहोचलेले नाहीत. ‘बेबी’ म्हटल्याबरोबर हा सोपा बंद होतो. बेबी ‘ती’ की ‘तो’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. (आमच्या एका आत्याचे नाव बेबी. ऐंशी उलटली तरी ती बेबीआत्याच. म्हणजे हे वेड अगदीच कालचे नव्हे, हेही कबूल केले पाहिजे. पण त्या काळी बेबी हे एका मुलीचे लाडाचे नाव होते. सगळ्या जातीची बाळे बेबी झालेली नव्हती.)

भूभू, माऊ, हम्मा, मम्मं, पापा, बाऊ, गाई, जोजो, भुर्र. विद्वानांना हे शब्द पोरकट वाटतात. त्यांना सांगावेसे वाटते की डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ साली ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात मराठीतील याच लेकुरबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातील सहा भाषांतील लेकुरबोलींची तुलना केली. इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, कोमांची, गिल्याक यांच्या पंक्तीला त्यात मराठी होती. फर्ग्युसन यांच्या विवेचनातील एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. हे शब्द मूल स्वतः घडवीत नाही. ते मोठ्यांच्या भाषेचा ठरलेला भाग असतात आणि मोठेच ते पुढच्या पिढीला देतात. म्हणजे एका पिढीने ते दिले नाहीत, तर ते आपोआप उगवणार नाहीत. वांगी विकत मिळतात, भूभू मिळत नाही.

‘मम्मी’ हा शब्द ओठांना सोपा, म्हणून मुले तो उचलतात, असेही सांगितले जाते. ओठांचे हे म्हणणे खरे आहे. ओठ मिटून निघणारी अक्षरे तान्ह्यांना लवकर साधतात, आणि म्हणूनच जगभर आईबापांच्या नावांत म, प, ब सापडतात. रोमान याकोब्सन या भाषापंडिताने यावर निबंधच लिहिला आहे. पण मग मम्मं, पापा, बाबा, मामा, भूभू, बाऊ हे शब्द काय जिभेच्या शेंड्यावरून निघतात? आपल्या बायकांनी ती ओठांची सोय याकोब्सनच्या कितीतरी आधी ओळखली होती.

आणि कोणाला वाटत असेल की या खटाटोपातून मुलाला इंग्रजी येते, तर त्यांनी घरात कान देऊन ऐकावे. “ईट कर, हँड वॉश कर, शूज वेअर कर, डॉगीला टच करू नको.” क्रियापद मराठी, प्रत्यय मराठी, हेल पेडण्याचा. पन्नाससाठ नामे आणि दहाबारा हुकूम. इंग्रजीच्या घरातील ही चिल्लर आहे. इंग्रजी आईच्या तोंडी जी गाणी, जी थट्टा, जी कुरबुर असते, तिचा यात मागमूस नाही. कारण ती आपल्याला ठाऊकच नाही. मुलाला इंग्रजी शिकवावी, उत्तम शिकवावी, मीही माझ्या मुलांना शिकविली. पण चांगली इंग्रजी ज्याला यायची आहे, त्याला आधी एक तरी भाषा पुरती यावी लागते. आपण त्याला दोन्हींची अर्धी अर्धी भाकरी देतो.

आता ज्याचे आपल्याला खरोखर झोंबायला हवे, तिकडे वळतो. आपण भाषेसाठी काय केले नाही? १९६७ च्या जानेवारीतील जनमत कौलात पेडणे-डिचोलीने विलीनीकरणाला भरभरून मते दिली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. आपल्यापैकी पुष्कळांचा श्रीगणेशा तेथेच झाला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला वापरापुरते स्थान मिळाले, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान, असे धोरण आले. २०११ मध्ये ते मोडून इंग्रजी शाळांनाही अनुदान खुले झाले, तेव्हा मराठी आणि कोकणीवाले प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हे सारे योग्यच होते. पण हे सारे भांडण पहिलीच्या वर्गाच्या दारापासून पुढचे होते. त्या दाराच्या अलीकडची पाच वर्षे आपण लढविलीच नाहीत. राजभाषा कोणती, यावर आपण चाळीस वर्षे रक्त आटविले. बाळाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे नर्सरीच्या बाईंवर सोपविले.

२००१ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे साडेबावीस टक्के लोकांनी मराठी मातृभाषा म्हणून नोंदविली होती. २०११ मध्ये हा आकडा अकरा टक्क्यांच्याही खाली आला. दहा वर्षांत निम्मा. यात नोंदविण्याचे राजकारण आहे, कोणी कोकणी लिहिले असेल, हे मी जाणतो. आपली घरे मराठीत वाचतात, कोकणीत बोलतात, हे सत्य आपण सभांतून कबूल करीत नाही, पण घरी सारे जाणतात. त्या अर्थाने पाळण्यातली भाषा पोथीतली मराठी कधीच नव्हती. ती पेडण्याची, डिचोलीची बोली होती. म्हणूनच मला वाटते की या एका बाबतीत आपले आणि कोकणीवाल्यांचे भांडण नसावे. भूभूला आणि माऊला राजभाषा कायदा लागू होत नाही.

आमच्या नातवाला ज्या नर्सरीत घातले (नाव सांगत नाही, ती एकटी तशी नाही), तिने पालकांना चिठ्ठी धाडली होती की घरी मुलाशी इंग्रजीतच बोलावे. चिठ्ठीच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. मी त्या लाल शाईने दाखविल्या आणि स्वतःवर खूष झालो. चिठ्ठी परत पाठविण्याचे धैर्य मात्र झाले नाही. त्याच संध्याकाळी नातवाने चित्र दाखविले तेव्हा माझ्या तोंडून ‘शाब्बास’ न येता ‘व्हेरी गुड’ आले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. नाहीतर हा लेखही सुनांना शिकविण्याच्या जुन्या चालीचाच व्हायचा.

आणि दैवाचा खेळ असा की लहान मुलांच्या शाळेसाठी साऱ्या देशाला शब्द मराठीने दिला. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांत काम केले, त्यातून ‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’ ही नावे रुजली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची बालविकास योजना निघाली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द हिंदीने, कन्नडने, सर्वांनी उचलला. इंग्रजांना स्वतःला अशा शाळेसाठी ‘किंडरगार्टन’ हा जर्मन शब्द उसना घ्यावा लागला. आणि आपण, ज्यांच्या प्रत्येक घरापुढे अंगण आहे आणि मागे माडांची वाडी आहे, अंगणवाडी म्हणजे गरिबांची, असे म्हणून पोराला ‘प्लेस्कूल’ला पाठवितो.

मुळात दोष आपल्या साहित्यव्यवहाराचा आहे. ही बाळंतपणाची आणि लेकुरपणाची भाषा बायकांनी घडविली, खोलीच्या आत, पुरुषांच्या कानाआड. आपण तिला वाङ्मय मानले नाही. सोहिरोबांवर व्याख्याने झाली, बाकीबाबांवर झाली, व्हायलाच हवीत. ‘तीट’, ‘कुंची’, ‘जावळ’, ‘टाळू’ यांवर मात्र आपल्या पन्नास वर्षांच्या संमेलनांत एक परिसंवाद झाल्याचे मला आठवत नाही. मग सुनेने तरी या शब्दांना किंमत का द्यावी?

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. येत्या दिवाळीपर्यंत मंडळाच्या सभासदांनी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसून बाळासंबंधीचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत: डोहाळे आणि फुले माळण्यापासून बोरन्हाणापर्यंत, खाण्याचे, न्हाण्याचे, निजविण्याचे, रडण्याचे, दुखण्याचे. बोलीत असतील तसे, शुद्ध करू नयेत. लिहून घेणाराने मध्ये बोलू नये. पुरुषांनी विशेषतः.

त्या बारशानंतर महिन्याने मी वही घेऊन त्या पणजीकडे पुन्हा गेलो. पहिला अर्धा तास तिने मला चहा घ्या, भजी घ्या, एवढेच सांगितले. अशा शब्दांसाठी शिकलेला माणूस पेडण्यापर्यंत येतो, यावर तिचा विश्वास बसेना. मग एक आठवला, त्यापाठोपाठ दुसरा. संध्याकाळपर्यंत सत्त्याऐंशी झाले. नातसून ओट्याशी कणीक मळीत होती. सत्तराच्या आसपास कुठेतरी ती हात पुसून बाहेर आली आणि म्हणाली, “काका, ‘आळोखेपिळोखे’ लिहिलंत का? माझी आई म्हणायची.”

नव्हते लिहिले. लिहून घेतले.